दोन ‘४०४’ आणि एक सोयीचा दावा

कोल्हापुरातील सॉफ्टवेअर व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यातला दावा असा: एआय एजंट (स्वतःहून साधने वापरून काम करणारे एआय प्रोग्राम) आता पुरेसे हुशार झाले असल्यामुळे सुरक्षाविषयक एपीआयचे (एका प्रोग्रामने दुसऱ्या सेवेला माहिती विचारण्याच्या सोयीचे) डॉक्युमेंटेशन त्यांच्यासाठी वेगळे लिहिण्याची गरज नाही. ओपनएपीआयची (एपीआयचे ठरावीक साच्यातले तांत्रिक वर्णन) फाइल दिली की पुरे, चुकला तर एजंट एरर वाचून सुधारतो, फारच अडले तर सगळे मॅन्युअल त्याच्यापुढे टाकावे, आणि तसेही सुरक्षेच्या साधनाबद्दल उघड लिहिणे म्हणजे हल्लेखोराला वाट दाखवणे, असा त्याचा आशय आहे. कुरिअरच्या किंवा हवामानाच्या एपीआयला यातले बरेचसे लागू पडेलही. सुरक्षेच्या एपीआयला ते लागू पडत नाही.

ओपनएपीआयची फाइल कोणते फील्ड मजकुराचे, कोणते अंकाचे, कोणते अनिवार्य आणि कोणते प्रतिसाद येऊ शकतात, हे सांगते. आलेल्या प्रतिसादाचा अर्थ काय लावायचा, हे सांगण्यासाठी तिच्यात वर्णनाची जागा असते, आणि हा दावा नेमकी तीच जागा रिकामी ठेवायला सांगतो. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेला एखादा ईमेल पत्ता विचारला आणि ४०४ (‘सापडले नाही’ असे सांगणारा प्रतिसादाचा आकडा) आले, तर तो पत्ता तिच्याकडील डेटागळतीच्या नोंदींत सापडला नाही, म्हणजे बातमी चांगली. अनेक अँटिव्हायरसकडून फाइली तपासून घेणाऱ्या व्हायरसटोटल या सेवेला फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) विचारला आणि ४०४ आले, तर ती फाइल त्या सेवेने कधी पाहिलेलीच नाही. कालच तयार केलेल्या मालवेअरलाही (घातक प्रोग्रामलाही) हेच उत्तर मिळेल. आकडा तोच, अर्थ जवळजवळ उलटे. व्हायरसटोटलच्या अहवालातही ‘हार्मलेस’ आणि ‘अनडिटेक्टेड’ असे दोन वेगळे रकाने असतात, कारण निरुपद्रवी ठरवणे आणि काही न सापडणे या एक गोष्टी नव्हेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या छोट्या कार्यालयात ईमेलसोबत आलेल्या फाइली तपासण्यासाठी एजंटला एक टूल दिले होते आणि त्याचे वर्णन मीच ‘फाइल स्कॅन करते’ एवढ्या तीन शब्दांत उरकले होते. एका ग्राहकाच्या बिलासारख्या दिसणाऱ्या फाइलला ४०४ आले आणि एजंटने अहवालात ‘धोका आढळला नाही’ असे लिहिले. वाक्य शब्दशः खरे होते, म्हणूनच कोणाच्या लक्षात आले नाही. आता तेच वर्णन असे आहे: ‘एसएचए-२५६ हॅशवरून पूर्वीचा अहवाल शोधते. फाइल अपलोड करत नाही. ४०४ म्हणजे फाइल अपरिचित. तिला सुरक्षित म्हणू नये, निर्णय माणसाकडे सोपवावा.’

चुकांतून शिकण्याच्या मुद्द्याचे उत्तर इथेच अर्धे आले, कारण वरच्या प्रकारात एजंटच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते. जिथे एरर येते, तिथेही दुसरा प्रयत्न फुकट नसतो. व्हायरसटोटलच्या मोफत एपीआयला मिनिटाला ४ आणि दिवसाला ५०० विनंत्यांची मर्यादा आहे. ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ हा आकडा) आल्यावर किती थांबायचे हे लिहिलेले नसेल, तर एजंट लगेच पुन्हा विचारत राहील किंवा, त्याहून वाईट म्हणजे, उरलेले हॅश तपासले आहेत असे धरून पुढे जाईल. हॅश सापडला नाही म्हणून त्याने फाइलच अपलोड केली, तर ग्राहकाचे गोपनीय ड्रॉइंग त्या सेवेच्या सशुल्क ग्राहकांना उपलब्ध होऊ शकते. पोर्ट स्कॅनचे (दुसऱ्या संगणकावर शिरण्याच्या कोणत्या वाटा उघड्या आहेत हे तपासण्याचे) टूल असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांचे लक्ष्य ठरवून केलेले स्कॅनिंग ६ तासांत कळवण्याच्या घटनांमध्ये मोडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) न लिहिलेले ड्रॉइंग आले तर लेथवरचा जुना कारागीर काम थांबवून फोन करतो; एजंटला ‘इथे थांबून विचार’ असे लिहून द्यावे लागते.

सगळे मॅन्युअल देण्याच्या सूचनेत थोडे तथ्य आहे, कारण माहिती नसण्यापेक्षा असलेली बरी. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मांडलेल्या, एजंटला टूल जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल निवडताना एजंटपुढे त्याचे नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा) असतो. मॅन्युअलच्या चाळिसाव्या पानावरचा इशारा त्या क्षणी तिथे असेलच असे नाही. टूल केवळ वाचते की काही बदलून टाकते, हे सांगणाऱ्या खुणा त्या प्रोटोकॉलमध्ये आहेत, परंतु त्या केवळ सूचक आहेत, हमी नव्हेत, असे प्रोटोकॉलच बजावतो. त्यामुळे इशारा वर्णनातच हवा आणि परवानगीची अट सर्व्हरवर हवी.

हल्लेखोराला वाट दाखवण्याच्या भीतीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. व्यवस्थेची रचना शत्रूला ठाऊक झाली तरी ती टिकली पाहिजे, हे तत्त्व गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले; गुप्त ठेवायची ती ‘एपीआय की’ (सेवा वापरण्याची किल्ली), एपीआयचा वापर कसा करायचा हे नव्हे. या मुद्द्यात घेण्यासारखे काही असेल तर ते उदाहरणांपुरते: डॉक्युमेंटेशनमधला नमुना एजंट जसाच्या तसा उचलू शकतो, म्हणून तिथे ग्राहकाचा खरा आयपी पत्ता न लिहिता, अशा लेखनासाठीच राखून ठेवलेल्या १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ या पट्ट्यातला पत्ता लिहावा.