बासूनवर एकेरी रीड: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बासून हे दुहेरी रीडचं, म्हणजे दोन पातळ पात्यांमधून फुंकायचं लाकडी वाद्य. त्यावर सॅक्सोफोनसारखं, एकाच पातीचं म्हणजे एकेरी रीडचं माउथपीस लावणं म्हणजे पळवाट, असं मी लिहिलं होतं. हा निव्वळ सोवळेपणा आहे, स्वर नळी ठरवते, रीड फक्त हवेला थरथरवते आणि सारुसोफोन हे धातूचं दुहेरी रीडचं वाद्य तर लोकांनी अशा माउथपीसवर वाजवलेलंच आहे, असं तुमचं म्हणणं.

'पळवाट' हा शब्द मी मागे घेतो. बँडमधल्या सॅक्सवाल्यावर ऐन वेळी बासून वाजवायची पाळी आली, तर दुहेरी रीडसाठी ओठ तयार करायला त्याला सवड कुठली? त्याची अडचण खरी आहे. पण माझा आक्षेप मापाबद्दल आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

बासूनची आणि त्याच्याच जातीच्या, लहान ओबोची नळी शंकूसारखी असते, फक्त टोक छाटलेली. त्या छाटलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढ्याची भरपाई रीडला करावी लागते. ती जमली तरच वरचं सप्तक खालच्याशी जुळतं. सॅक्सची नळीही शंकूच, पण तोंडाशी रुंद. छाटलेला भाग मोठा, म्हणून तिथे पोकळ, ऐसपैस माउथपीस चालतं. ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलं ते वाद्य मुळातच एकेरी रीड धरून बेतलेलं होतं. बासूनच्या बोकलचं, म्हणजे रीड बसवायच्या वाकड्या धातूच्या नळीचं तोंड मात्र जेमतेम चार मिलिमीटरचं.

मित्राच्या बासूनवर मी स्वतः हे करून पाहिलं. खालचे स्वर दणदणीत आले, दुहेरी रीडपेक्षा सोपे गेले. वर चढत गेलो तसा ट्यूनरचा काटा डावीकडे सरकू लागला. वरच्या सप्तकात स्वर चांगलाच उतरला. ओठ आवळून तो वर खेचला, तर आवाज चिरकला. माउथपीस आत ढकलायला जागाच नव्हती. आखूड बोकल लावला, तर वरचे स्वर थोडे सावरले आणि खालचे चढले. मग दुहेरी रीड लावून तोच स्वर धरला. सुरुवातीचा तो बारीक 'ट्' आणि मागून येणारी किंचित नाकातली गुंज परत आली. माझ्यासाठी बासून म्हणजे ती गुंज. ओबोचं तोंड तर याहून नाजूक, तिथे हा प्रयोग मी करणारही नाही.

सारुसोफोनचा दाखला माझ्याच बाजूने जातो. फ्रान्सच्या गोत्रो या वाद्य बनवणाऱ्याने १८५६ मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य दुहेरी रीडचं खरं, पण त्याची धातूची नळी बासूनपेक्षा पुष्कळ रुंद पसरते, म्हणून तिथे असं माउथपीस जमतं. हंगेरीचं तारोगातो बघा. जुनं तारोगातो दुहेरी रीडचं. बुडापेस्टच्या शुंडा या वाद्य बनवणाऱ्याने १८९० च्या दशकात त्याला एकेरी रीड दिली, तेव्हा जुन्या नळीवर नुसतं माउथपीस चढवलं नाही. अख्खं वाद्यच नव्याने घडवलं, जुनं राहिलं ते नाव.

तुमच्या बासूनवर वरचं सप्तक जुळत असेल, तर रेकॉर्डिंग नक्की पाठवा, बोकलच्या नंबरासकट. मला ते मनापासून ऐकायचं आहे.