कॅमेऱ्याआधी कडी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझ्या थोरल्या भावाचा खोकी बनवण्याचा छोटा गाळा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या ओळीतल्या एका गाळ्याचे शटर रात्री उचकटले गेले, आणि तेव्हापासून गाळेधारकांच्या बैठकीत वर्गणी काढून सोळा कॅमेरे बसवायचे की रात्रपाळीला दुसरा वॉचमन ठेवायचा, हा एकच वाद चालला आहे. मी अकरा वर्षे इंग्लंडमधल्या लेस्टरला राहतो, त्यामुळे ‘तुमच्याकडे कसे असते?’ ही विचारणा दर रविवारी फोनवर होते. माझे उत्तर दोन्ही पक्षांना रुचत नाही, कारण या दोहोंच्या आधी करायची स्वस्त कामेच अजून कोणी केलेली नाहीत, असे माझे मत आहे.

इंग्लंडमध्ये कॅमेऱ्यांना तोटा नाही, तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदलेल्या दुकानचोऱ्या २०२४ या एका वर्षात पाच लाखांच्या वर गेल्या. दिवसाढवळ्या माल उचलणे आणि रात्री शटर फोडणे हे वेगळे गुन्हे आहेत, हे मान्य. पण कॅमेरा बसला म्हणजे चोर फिरकणार नाही, हा बैठकीतला विश्वास मला इथे राहून तरी पटत नाही.

इथली मला खरोखर भावलेली गोष्ट फुकटची आहे. दुकान बंद झाल्यावर काचेतून गल्ल्याचा रिकामा खण मुद्दाम उघडा ठेवलेला दिसतो, म्हणजे आत रोकड नाही हे चोराला बाहेरूनच कळते आणि गल्ल्याची मोडतोडही वाचते. इथल्या अनेक नगरपालिका दर्शनी भागावर अखंड पत्र्याची शटर लावू देण्यास नाखूश असतात आणि जाळीदार शटर सुचवतात. आपल्याकडे मात्र अखंड शटरमधून आतले काही दिसत नाही, त्यामुळे एकदा आत शिरून ते खाली ओढले की चोराला पहाटेपर्यंत निवांत काम करता येते.

दादाच्या शटरला कुलपे आहेत ती दोन टोकांना. मध्यभागी कटावणी घातली की पट्ट्या वाकतात आणि माणूस सरपटत आत जाईल एवढी फट पडते. मधोमध सेंट्रल लॉक बसवणे हे वेल्डरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याला जोडून शटर हलताच वाजणारा, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा भोंगा आणि मागच्या बोळात हालचाल होताच पेटणारा दिवा घेतला, तरी एकूण खर्च वॉचमनच्या महिन्याच्या पगाराइतकाही होऊ नये. मागच्या दाराला मात्र रात्रपाळीचे कामगार आत असताना साखळी घालू नये. आग लागली तर तीच जिवावर बेतेल.

कॅमेरे असलेल्या गाळ्यांची कथा निराळी नाही. दादाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा, गल्ल्याशेजारी उघड्यावर आहे, म्हणजे चोराने जाताना पुरावाही काखेत मारून न्यावा अशी सोय. त्याचे घड्याळ पावणेदोन तास मागे आहे आणि पासवर्ड खोक्यावर छापून आलेलाच आहे (दादा म्हणतो, लक्षात राहायला सोपा पडतो!). २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक संगणक प्रणालीने अशाच न बदललेल्या पासवर्डांचे कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून ताब्यात घेतले होते. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांवर सरसकट एकच पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी घातली आहे.

एका बाबतीत ठाणे लेस्टरपेक्षा सरस आहे. इथल्या बाजारपेठेत संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नसते. वागळेत चहाची टपरी, टेम्पोवाले आणि पाळी सुटलेले कामगार यांची उशिरापर्यंत वर्दळ असते. पण या ओळखीपाळखीवर किती विसंबावे? नवी मुंबईत जुईनगरला २०१७ साली चोरट्यांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेऊन दुकान थाटले, आतून भुयार खणले आणि बँकेचे लॉकर फोडले. त्या ओळीतल्या शेजाऱ्यांनाही ते रोजचे दुकानदारच वाटले असणार. नवा भाडेकरू आला की त्याची पोलीस पडताळणी झाली का, हे गाळेधारकांनी मालकाला विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरा वॉचमन ठेवायचाच असेल, तर एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहावे. आणि आधी आहे त्या वॉचमनला बॅटरी, शिट्टी आणि सगळ्या मालकांचे फोन नंबर द्यावेत. बारा तास जिन्याखाली बसणाऱ्या त्या माणसाकडे आज यांपैकी काहीही नाही.

गेल्या रविवारी दादा म्हणाला की गुरुवारी वेल्डर येतो आहे, आणि सहा गाळ्यांची कुलपे एकदम बसवायची म्हणून त्याने भावही कमी केला आहे. कॅमेऱ्यांचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.