झाकणाचा शोध

सांगलीत कुपवाडच्या अंगाला गुंठेवारीत घर बांधताना आप्पांनी चौकटीचे सागवान स्वतः वखारीत जाऊन पारखले आणि पोर्चची फरशी निवडण्यासाठी चार दुकाने पालथी घातली. मैल्याच्या टाकीचे काम मात्र "तुमच्या हिशेबानं करा" एवढ्या एका वाक्यात गवंड्यावर सोपवले. सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून 1998 साली महापालिका झाली, तरी आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन अद्याप यायची असल्यामुळे इथल्या प्रत्येक बंगल्याच्या पोटात एक सेप्टिक टँक आहे. गल्ली तिला 'सेफ्टी टँक' म्हणते, आणि 14 वर्षे तिच्याकडे ढुंकूनही न पाहण्याचा निर्धास्तपणा आम्हांला बहुधा या नावानेच दिला.

ऐन श्रावणात, घरात सत्यनारायणाचे पाहुणे असताना, संडासाचे भांडे गुडगुडू लागले. मी बाटलीभर ॲसिड ओतले. मैला उपसण्याची गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने हे ऐकून कपाळाला हात लावला. टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. गाळ पचवण्याचे काम हवेवाचून जगणारे जिवाणू फुकटात करत असतात, आणि मी नेमके त्यांनाच ॲसिड पाजले होते. शिवाय टाकी 2 ते 3 वर्षांनी उपसायची असते, आणि आमच्या काळ्या मातीला पावसाळ्यात स्वतःचेच पाणी जड झालेले असल्याने शोषखड्ड्यानेही हात टेकले होते.

"मालक, झाकण कुठाय?" या प्रश्नावर घरात तीन तट पडले. आईच्या मते ते तुळशीवृंदावनाखाली होते, सौ.च्या मते मागच्या अंगणात, आणि गवंड्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलेली खूण, म्हणजे पेरूचे झाड, आम्ही आठ वर्षांपूर्वीच तोडले होते. शेवटी ड्रायव्हरने भिंतीलगतचा तो हवेचा पाइप हेरला, ज्याला आम्ही इतकी वर्षे कपडे वाळत घालायची दोरी बांधत होतो. तिथून अंदाज घेत तो थेट पोर्चमध्ये आला आणि आप्पांच्या फरशीवर टिकाव ठेवून उभा राहिला. आप्पा आत निघून गेले.

झाकण निघाल्यावर शेजारच्या एका हितचिंतकाने "एखादा गडी आत उतरवा, तळ स्वच्छ निघेल," असा सल्ला दिला. ड्रायव्हरने त्यांना असे काही पाहिले की ते दोन पावले मागे सरले. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि माणसाला असे उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, हे त्याने जितक्या शांतपणे सांगितले तितक्या शांतपणे मला आजवर कोणी रागावलेले नाही. नळी सुरू झाली तशा गल्लीतल्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. पडदे मात्र हलत राहिले. जिवाणूंच्या बियाण्यापुरता थोडा गाळ तळाशी ठेवून त्याने नळी गुंडाळली, तोवर सल्लागार शेजारी स्वतःच्या टाकीचा दर विचारायला पुन्हा हजर झाले होते.

आता पोर्चच्या मधोमध दोन लोखंडी कड्यांचे झाकण सर्वांना दिसेल असे असते. फुटलेल्या फरशीचा तो नमुना कंपनीने बंद केल्यामुळे भोवतीचा चौकोन वेगळ्या रंगाचा बसवावा लागला. कोणी विचारलेच, तर आप्पा "डिझाइन आहे" असे सांगतात.