भिंतीच पाहायच्या होत्या, तर…
क्योटोमध्ये २०१३ पासून भरणाऱ्या ‘क्योटोग्राफी’ या छायाचित्र महोत्सवाने एका वृत्तपत्राच्या तळघरातला बंद पडलेला छापखानाही प्रदर्शनासाठी वापरला, ही कल्पना निःसंशय कौतुकास्पद आहे. पण अशा जागी येणाऱ्या काही रसिकांपुढे मात्र अक्षरशः हात टेकावेत. कोणाच्या तरी अनेक वर्षांच्या कष्टांतून उभी राहिलेली छायाचित्रे समोर टांगलेली असताना ही मंडळी त्यांच्याकडे पाठ फिरवून शाईने माखलेल्या भिंतींचे फोटो काढत बसतात आणि वर ‘जरा बाजूला व्हाल का?’ असे आपल्यालाच सुनावतात. आधीच अपुऱ्या उजेडात छायाचित्राखालचा मजकूर वाचायला वाकावे, तर खांद्यावरून कोणाचा तरी मोबाइल पुढे सरसावतोच. डागाळलेल्या भिंतींचेच एवढे वेड असेल, तर तिकीट काढून छायाचित्रांच्या वाटेत कशाला उभे राहायचे?