दोन बोल्ट, पण कोन किती?
प्रस्तरारोहणात टॉप-रोपसाठी (चढणाऱ्याचा दोर वरून फिरून खाली येतो, त्या पद्धतीसाठी) वर दोन स्वतंत्र बोल्ट हवेत, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण दोन बोल्ट म्हणजे भार निम्मा-निम्मा, हे गणित नेहमी जुळत नाही. दोन स्लिंगांमधला (बोल्टांपासून दोरापर्यंत येणाऱ्या पट्ट्यांमधला) कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बोल्टवर साधारण ५८ टक्के भार येतो. १२० अंशांना तर दोन्हींवर प्रत्येकी पूर्ण १००! बोल्ट एकमेकांपासून दूर असतील तर स्लिंग लांब घ्या.

दोर फिरतो तिथे पोलादी कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) वापरा, तेही दोन, गेट (उघडणारी बाजू) विरुद्ध दिशांना. मळलेला दोर ॲल्युमिनियमला कानशीसारखा घासतो, खाच पडते आणि तिची धार पुढे दोरालाच कापते. ही खाच खालून दिसत नाही. वर जाऊन बोट फिरवूनच कळते, आणि नेमकं हेच काम (आमच्याकडे तरी) कायम उद्यावर ढकललं जातं.