इम्पोर्ट केलं की सगळी प्रकरणं सारखी होतात? नाही होत

फ्रेममेकर या मोठे दस्तऐवज मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल्स करणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो: 'कंडिशन टॅग एका टेम्प्लेटमध्ये नीट बनवा, बुकमधल्या सगळ्या फाइल्स निवडा, सगळ्या चौकटींवर टिक करून इम्पोर्ट फॉर्मॅट्स चालवा. पुढे सगळं आपोआप सारखं राहतं.' (कंडिशन टॅग म्हणजे मजकुराला लावायची खूण, तिच्यामुळे तो मजकूर हवा तेव्हा दाखवता किंवा लपवता येतो; बुक म्हणजे सगळ्या प्रकरणांच्या फाइल्स एकत्र बांधणारी फाइल; आणि इम्पोर्ट फॉर्मॅट्स म्हणजे टेम्प्लेटमधल्या सेटिंग्ज त्या फाइल्समध्ये आणणारी आज्ञा.) यावर विसंबल्यामुळे नको तो मजकूर छापला जातो, म्हणून हे लिहितोय.

'आपोआप राहतं' हे साफ चूक. कंडिशन टॅग बुकमध्ये नसतात, प्रत्येक फाइलचे स्वतःचे असतात. टेम्प्लेट बदललं तरी प्रकरणांना त्याचा पत्ता नसतो. पुन्हा इम्पोर्ट करावंच लागतं.

'सारखं होतं' हेही अर्धवट. इम्पोर्ट त्याच नावाच्या टॅगची व्याख्या बदलतं, नसलेला टॅग आणून ठेवतं. जुना टॅग मात्र काढत नाही. एका मॅन्युअलच्या नवव्या प्रकरणात 'ॲडमिन'चे दोन टॅग सापडले, एकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल. फ्रेममेकरच्या लेखी ते दोन वेगळे टॅग. टेम्प्लेटमधला लपवला, दुसऱ्याचे परिच्छेद तसेच दिसत राहिले. असे टॅग बहुतेक वेळा दुसऱ्या फाइलमधून पेस्ट केलेल्या मजकुराबरोबर येतात, आणि पेस्ट करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

शिवाय टॅग मजकुराला कुठून कुठपर्यंत लावलाय, याला इम्पोर्ट हातच लावत नाही. बुलेटमधल्या वाक्याला टॅग लावला आणि परिच्छेदाची शेवटची खूण सुटली, की वाक्य लपतं आणि रिकामी बुलेट पानावर उरते. हे प्रत्येक फाइलमध्ये टेक्स्ट सिम्बॉल्स (परिच्छेदाच्या एरवी न दिसणाऱ्या खुणा) चालू करून डोळ्यांनीच तपासावं लागतं.

आता 'सगळ्या चौकटी'. कृपा करून असं करू नका. व्हेरिएबल्सवर (नाव देऊन साठवलेल्या, ठिकठिकाणी वापरायच्या मजकुरावर) टिक राहिली तर त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये प्रकरणाने ठेवलेली स्वतःची व्याख्या पुसली जाते. कंडिशनल टेक्स्ट सेटिंग्ज एवढी एकच चौकट पुरते. तिच्याबरोबर टेम्प्लेटमधली शो-हाइडची स्थितीही येते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. लेखकांसाठीच्या आतल्या टिपा टेम्प्लेटमध्ये दिसत्या ठेवल्या असतील, तर इम्पोर्टनंतर त्या सगळ्या प्रकरणांत दिसू लागतात. म्हणून इम्पोर्टच्या आधी टेम्प्लेट उघडून शो-हाइडची खिडकी बघा, आणि इंडिकेटर्स, म्हणजे टॅग ओळखू येण्यासाठीचे रंग वगैरे, दाखवण्याची टिकही काढा. नाहीतर टॅगचे रंग थेट पीडीएफमध्ये उतरतात.