‘शेक सोडा, इंजेक्शन घ्या’ हा निरोप पुढे पाठवण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका काकाजींनी गुदद्वाराच्या कॅन्सरवरचे नागपूरचे शेक, म्हणजे रेडिएशन, अर्ध्यावर सोडले. २८ पैकी ११ झाले होते. कारण एकच, गावभर फिरणारा मोबाइलवरचा निरोप. त्यात लिहिलंय: ‘संडासच्या जागेचा कॅन्सर आता इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनने १०० टक्के बरा होतो. किमो-शेक जुने झाले, त्यानंतरही पोटाला पिशवी लागतेच. दोन्ही सोबत घेतलं तर दुप्पट फायदा. इंजेक्शनचा काही त्रास नाही.’

मी गावात औषधांचं दुकान चालवतो. हा निरोप दिवसाआड कुणीतरी मला दाखवतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

१०० टक्के ही बातमी खोटी नव्हती, पण ती काकाजींच्या, म्हणजे गुदद्वाराच्या कॅन्सरची नव्हती. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने १२ रुग्णांची माहिती दिली. डोस्टारलिमॅब नावाच्या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्याच लढणाऱ्या पेशींना कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाने सगळ्यांच्या गाठी दिसेनाशा झाल्या. ते सगळे गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या कॅन्सरचे रुग्ण. त्यातही त्यांच्या गाठींमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या १०० रुग्णांत असे पाच-दहाच सापडतात. गुदद्वाराचा कॅन्सर त्वचेसारख्या पेशींतून होतो, बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे, आणि त्यात हा बिघाड क्वचितच असतो. आपल्या बोलीत दोन्हींना ‘संडासच्या जागेचा’ म्हणतात. सगळा घोळ तिथंच झाला. दोन बोटांच्या अंतरावर दोन वेगळे आजार आहेत.

गुदद्वाराच्या कॅन्सरवर नुसतं असं औषध देऊन पाहिलेलं आहे. आधीचे उपचार होऊनही शरीरात पसरलेल्या ३७ रुग्णांना निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचंच औषध दिलं. २०१७ च्या त्या अहवालात नऊ जणांच्या गाठी आकसल्या, त्यापैकी दोघांच्याच पूर्ण गेल्या. पसरलेल्या आजारात तेही मोलाचं आहे. पण जो आजार अजून जागेवरच आहे, त्याचे शेक या भरवशावर सोडायचे?

आता पिशवीचं. इथं निरोप अगदी उलटा आहे. पूर्वी या आजाराला मोठं ऑपरेशनच होतं: गुदद्वार काढायचं आणि जन्मभर पोटावर शौचाची पिशवी. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या डॉ. नॉर्मन निग्रो यांनी ऑपरेशनच्या आधी शेक आणि किमो दिले, तीन रुग्णांना. दोघांचं नंतर ऑपरेशन झालं, तर काढलेल्या भागात कॅन्सर सापडलाच नाही. तिसऱ्याने ऑपरेशनला नकार दिला. पिशवी टळली ती याच ‘जुन्या’ उपचारामुळे. ब्रिटनमध्ये ९४० रुग्णांच्या अभ्यासात साडेपाच आठवडे शेक आणि सोबत किमो दिल्यावर २६ आठवड्यांनी सुमारे ९० टक्के रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली होती. २६ आठवडे हा आकडा ध्यानात ठेवा. शेक संपल्यावरही गाठ हळूहळू विरत राहते. ‘अजून लागते हाताला, काहीच फरक नाही’ म्हणून दुसऱ्या महिन्यात धीर सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

‘दोन्ही सोबत’ हे म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शेकाने मेलेल्या पेशींचे तुकडे शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे लढणाऱ्या पेशींना, शत्रूची ओळख पटवतील, आणि इम्युनोथेरपी त्या पहारेकऱ्यांवरचा ब्रेक काढेल, असा त्यामागचा विचार. गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे असंच औषध किमो-शेकाला जोडल्यावर रुग्ण जास्त जगले. अमेरिकेत त्याला जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये अशीच जोड देऊन पाहिली, तर अपेक्षित फायदा दिसला नाही. शेक त्याच भागातल्या लढणाऱ्या पेशीही मारतो, हे त्याचं एक कारण असावं असं मानतात. म्हणून गुदद्वारासाठी अमेरिकेत, जर्मनीत, ब्रिटनमध्ये वेगळ्या चाचण्या घ्याव्या लागल्या. मे २०२५ मध्ये अमेरिकेने गुदद्वाराच्या कॅन्सरसाठी रेटिफॅनलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मान्यता दिली, ती पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारासाठी: किमोसोबत, आणि आधीची प्लॅटिनमची किमो लागू पडली नाही किंवा सोसली नाही तर एकटं. जागेवरच्या आजाराच्या या चाचण्यांत नवं औषध शेकाला जोडतात, शेक काढून त्याच्या जागी देत नाहीत.

त्रास नाही, हेही खरं नाही. ब्रेक निघाला की पहारेकरी स्वतःच्याच थायरॉइडवर, फुप्फुसावर, यकृतावर, आतड्यावर तुटून पडू शकतात, कधी कधी काही महिन्यांनी. शेकाचाही त्रास आहेच: जांघेची कातडी सोलवटते, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी उतरतात. काकाजी त्यानेच वैतागले होते. ‘बसताच येत नाही रे बापू,’ म्हणाले. त्यावर मलम आहे, वेदनेची औषधं आहेत, मागावी लागतात.

त्यांच्या मुलाला घेऊन मी नागपूरला गेलो. शेक पुन्हा सुरू झाले, पण मध्ये तेरा दिवस गेले आणि खंड पडला की उरलेल्या पेशी वाढायला लागतात. कुणाच्या घरी असे शेक अर्धे राहिले असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आजच शेकाच्या विभागाला फोन करा आणि किती दिवस चुकले ते नेमकं सांगा. पुढचा हिशेब डॉक्टर त्यावरूनच बसवतात.